शेलार बाई आणि पांढरी गोळी

शेलार बाई शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी मस्टरवर सही करायच्या आधी त्यांनी एका माणसाचा दात पाडला.

काष्टीच्या बाजाराचा दिवस होता. बाजाराला आलेली माणसं आमच्या शाळेच्या आवारातून सरळ पलीकडच्या रस्त्याला निघायची. त्यांतलाच एक झिंगलेला माणूस पाण्याच्या टाकीपाशी आठवीच्या मुलींमध्ये घुसला आणि एकीच्या ओढणीला हात पुसायला लागला. मुली किंचाळल्या. आम्ही सगळे स्टाफरूमच्या दारात गोळा झालो. कोणी शिपायाला हाका मारत होतं, कोणी नुसतंच "अहो, अहो" करत होतं. तेवढ्यात गेटातून एक रुंद खांद्यांची, सावळी बाई आत आली. तिच्या हातात नेमणुकीचा लिफाफा होता. तिने तो दातांत धरला, पदर खोचला, त्या माणसाची मान मागून पकडली आणि त्याचं तोंड टाकीच्या नळावर आपटलं. एकदाच. मग लिफाफा तोंडातून काढून झटकला.

हेडसर धावत आले. "अहो बाई, तुम्ही कोण? काय केलंत हे?"

"खेळाची टीचर हाय. रंजना शेलार."

"पण तुमचं अजून जॉइनिंगसुद्धा झालं नाही!"

"मग घ्या की करून. पेन द्या."

तो दात शिपायाने झाडून टाकला. मी तेव्हा त्या शाळेत विज्ञान शिकवत होते. माझा स्वभाव भित्रा. वर्गात बेडूक कापायचा प्रयोग असायचा तेव्हाही मी फळ्यावर आकृती काढून भागवायचे. या बाईपासून लांब राहायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं. पण मी ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते, त्यांच्या भिंतीला भिंत लागून शेलारांचं घर निघालं.

बाई मूळच्या राजूरकडच्या, डोंगरातल्या. लहानपणापासून चढ-उतारावर वाढल्यामुळे त्यांचे पाय पैलवानासारखे होते. कबड्डीत त्या जिल्ह्याकडून खेळलेल्या. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसली होती, तिच्यावर त्या शिट्टीची दोरी गुंडाळून ठेवायच्या. लग्न होऊन काष्टीत आल्या. नवरा दत्ता भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होता, तो शनिवारी यायचा. घरात सासू आणि धाकटा दीर किसन. किसन काही करायचा नाही. मोटरसायकल पुसायचा आणि चौकात बसायचा.

स्टाफरूममध्ये बाई खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. खिडकीच्या कठड्यावर एक पाय वर घेऊन बसायच्या. मधल्या सुट्टीत त्यांच्या स्वतःच्या डब्यात फक्त भाकरी आणि लसणाचा ठेचा असायचा. बाकीचं जेवण आमच्या डब्यांतून व्हायचं. न विचारता झाकण उघडायचं, एक घास मोडायचा, "मीठ कमी हाय" म्हणायचं आणि पुढच्या डब्याकडे जायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "माझं खाल्लेलं दिसतं तरी. तुमी बसून बसून गिळता ते कुठं जातं?"

मैदानावर त्यांचा एकच आरडाओरडा चालायचा. "घोटा धर! कंबर सोड, घोटा धर! घोटा सापडला की माणूस सापडला!" मुलींना पडल्यावर रडायची परवानगी नव्हती. गुडघा फुटला तर मातीच दाबायच्या आणि पाठीत धपका घालून परत आत ढकलायच्या. मला ते पाहवायचं नाही. पण चार वर्षांत आमच्या मुलींची टीम विभागापर्यंत गेली आणि ज्या मुली वर्गात तोंड उघडत नव्हत्या त्या बापाला उलट विचारायला शिकल्या.

त्यांतल्या एकीच्या बापाने तिची खेळायची हाफपँट चुलीत घातली. 'पोरगी मांड्या दाखवत फिरते' म्हणून तिला बेल्टनेही मारलं. बाई त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. मला सोबत नेलं, कारण "साक्षीला कोनतरी शिकल्यालं पायजे." बाप ओट्यावर चहा पीत होता. बाई आत गेल्या, दोरीवरचा त्याचा इस्त्रीचा सदरा काढला आणि चुलीत सारला. तो उठून अंगावर आला. बाईंनी चुलीतलं जळतं लाकूड उचललं.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "उद्या हाफपँट दिसली न्हाई तर परवा तुमची धोतरं बी जाळीन. सगळ्या गावाला तुमच्या मांड्या बघू द्या."

दुसऱ्या दिवशी मुलगी नवी हाफपँट घालून मैदानावर आली. पाठीवर वळ होते. बाईंनी वळांवर तेल लावलं आणि तिला पहिल्या चढाईला पाठवलं.

हे सगळं मी अशासाठी सांगते की पुढे जे झालं ते कुठल्या बाईच्या बाबतीत झालं ते कळावं.

आजार आला तो गुपचूप आला. आधी बोटांचे सांधे धरायला लागले. मग केस गळायला लागले, गालांवर लाली आली. बाईंनी दुर्लक्ष केलं. "उन्हाचं हाय." त्यांचं अर्धं आयुष्य उन्हात गेलेलं, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. मार्चमध्ये परीक्षेच्या वेळी मानेवर आणि हातांवर फोड आले. बघता बघता ते वाढले. द्राक्षाएवढे, मग लिंबाएवढे, आत स्वच्छ पाणी भरलेले, इतके तट्ट की त्यांत खिडकीचा उजेड दिसायचा. बाईंनी माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि स्टाफरूममध्येच एक एक फोड फोडायला सुरुवात केली. पाणी टेबलावर उडालं. खालून लाल मांस दिसायला लागलं. भूगोलाचे सर उठून बाहेर गेले.

"बाई, असं करू नका, पू होईल," मी म्हणाले.

"हे मला इचारून आले का?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या फोडात टोक घुसवलं.

आठवड्याभरात तोंडातही फोड आले. भाकरी गिळता येईना. बाई पाण्यात कालवून गिळायच्या आणि गिळताना टेबलावर मूठ आपटायच्या.

सासूने निकाल दिला की ही नागीण आहे. गावातल्या डॉक्टरनेही तेच म्हटलं आणि मलम दिलं. मलमाने काही झालं नाही, तेव्हा सासूने डाग देणारा माणूस बोलावला. रविवारची दुपार होती, त्या आठवड्यात दत्ता आले नव्हते. मी पेपर तपासत होते. भिंतीपलीकडून आधी सासूचा आवाज आला, "धर तिला, धर!" मग बाईंचा. तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मी धावत गेले.

किसनने वहिनीचे दोन्ही हात मागे पिरगळून धरले होते. सासू तिच्या पायांवर बसली होती. डाग देणाऱ्याच्या हातात तापवून लाल केलेला विळा होता आणि पहिला डाग देऊन झाला होता. पाठीवर फुटलेल्या फोडाच्या कडेला कातडी जळून काळी पट्टी उठली होती. खोलीत जळक्या मांसाचा वास होता. मी दारातच थांबले. मी "अरे सोडा, अरे सोडा" म्हणत राहिले, आत मात्र गेले नाही.

दुसऱ्या डागाला तो माणूस वाकला तशी बाईंनी डोकं मागे हाणलं. किसनचं नाक फुटलं. हात सुटले. पायांवरची सासू कोलमडून भिंतीला गेली. बाईंनी त्या माणसाच्या मनगटावर लाथ मारली, पडलेला विळा मुठीकडून उचलला आणि नाक धरून बसलेल्या किसनच्या दंडावर टेकवला.

"डागानं नागीण उतरती ना? घे. मला धरलंस तवा तुझ्यात बी शिरली आसंल."

किसन गुरासारखा ओरडला. डाग देणारा पळाला. बाईंनी विळा पाण्याच्या बादलीत टाकला, चर्र आवाज झाला, आणि तेव्हा त्यांनी मला दारात पाहिलं.

"बोरुडे बाई, उद्या नगरला येता का माझ्यासंगं? खऱ्या डॉक्टरकडं."

नगरला कातड्याच्या आजारांची डॉक्टर होती, तिशीची, बारीक चणीची. तिने बाईंना पाहिलं, पाठीवरचा डाग पाहिला आणि हे कुणी केलं असं विचारलं. बाई म्हणाल्या, "केलं त्याला पोचलं बी. तुमी फोडांचं बघा." डॉक्टरने एका ताज्या फोडाच्या कडेचा आणि जवळच्या चांगल्या कातडीचा असे दोन बारीक तुकडे काढले, रक्त घेतलं, लघवी तपासायला दिली. तुकडे पुण्याला गेले. आठवड्याने रिपोर्ट आला. तिने आम्हाला आणि भिंगारहून आलेल्या दत्तांना समोर बसवलं.

"ही नागीण नाही. आजाराचं नाव ल्युपस. त्यातला फोड येणारा प्रकार तसा कमी दिसतो. तुम्ही कबड्डी शिकवता ना? मग असं समजा, तुमचे बचावाचे खेळाडू तुमच्याच चढाईवालीला धरून पाडतायत. वरची कातडी खालच्या कातडीला जिथे चिकटलेली असते, तो चिकटाच ते उखडतायत. म्हणून कातडी सुटते आणि मध्ये पाणी भरतं."

"आन् पंच कुठं मेलाय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर हसली. "पंच म्हणून मी गोळ्या देते. पण हा आजार कायमचा जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. तो किडनीवरही जातो. लघवीत थोडी प्रथिनं दिसतायत, म्हणून दर महिन्याला यायचं. उन्हात उघडं फिरायचं नाही."

"मैदान सोडू?"

"ऊन सोडा. मैदान कसं सांभाळायचं ते तुम्ही बघा."

मग तिने फोडांसाठीची मुख्य गोळी लिहिली. ती गोळी सोसते की नाही हे पाहायला आधी एक रक्ततपासणी केली. काहींच्या रक्तातल्या पेशी या गोळीने फुटतात, असं तिने सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं, ते मी नीट ऐकलं होतं. "ही गोळी जुनी आहे, दुसऱ्या आजारातही देतात. मोबाईलवर शोधत बसू नका, उगाच घाबराल."

गोळी छोटी, पांढरी. तपासणी ठीक आली आणि गोळी सुरू झाली. सोबत स्टेरॉइड आणि दुसऱ्याही गोळ्या होत्या. चौथ्या दिवशी नवा फोड आला नाही. दहाव्या दिवशी जुन्यांवर खपल्या धरल्या. बाईंनी तोंड उघडून मला आत दाखवलं. "बघा, साफ!" त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममधले सगळे डबे उघडले.

आणि मी मोबाईलवर शोधलं.

का शोधलं? विज्ञानाची शिक्षिका ना मी. पाकिटावरचं नाव टाकलं तर पहिल्याच ओळीत कुष्ठरोग आला. खाली बरंच काही होतं, हा फोडांचा ल्युपसही होता, तो मी वाचला. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांनी विचारलं, "बाईंना एवढी गुणकारी कसली गोळी मिळाली?" मी जरा ऐटीतच सांगितलं, "खरं तर ही महारोगाची गोळी. पण बाईंना तो आजार नाही, या गोळीचा दुसराही उपयोग असतो." माझं दुसरं वाक्य स्टाफरूमच्या बाहेर गेलंच नाही. पहिलं दुपारपर्यंत चौकात पोचलं.

तिसऱ्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत कठड्यावरून उतरल्या आणि पहिल्या डब्याकडे हात नेला. शिवणाच्या बाईंनी झाकण दाबून धरलं. दुसऱ्या डब्यावर सरांनी वही ठेवली. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझा डबा उघडा होता. पण मी खाली पाहत होते. बाईंनी तो घेतला नाही. त्या मैदानावर गेल्या. तिथे बारापैकी तीनच मुली आल्या होत्या.

पालकांचा घोळका हेडसरांकडे आला. हेडसरांनी बाईंना महिनाभर घरी बसायला सांगितलं. घरी किसन वाट पाहत होता. दंडावर डागाचा व्रण घेऊन तो चार-पाच आठवडे चौकात हसं करून घेत होता. आता त्याच्या हाती कारण आलं होतं.

तो गुरुवार होता, सकाळी दहाचा सुमार, शाळा भरायच्या आधी. किसनने बाईंची गादी रस्त्यावर फेकली. मग ट्रंक फेकली, मग गोळ्यांचा डबा. गोळ्या मातीत सांडल्या. चौकातली पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. सासू आत होती. किसनने बाईंना केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. आधीच गळणारे केस, त्याच्या मुठीत जुडाच्या जुडा आला. बाई पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. गोळीने रक्त कमी झालं होतं, स्टेरॉइडने चेहरा सुजला होता, दम लागायचा. त्या मातीवर गुडघे टेकून गोळ्या वेचायला लागल्या.

"महारोगी कुठली! अख्ख्या घराला लावशील!" किसन ओरडला आणि त्याने त्यांच्या बरगडीत लाथ घातली.

गर्दीतून एक दगड आला. तो खांद्याला लागला. दुसरा कपाळाला. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं. हातांवरच्या कोवळ्या कातडीवर दगड लागला तिथली कातडी नुसती सोलून निघाली.

मी हे सगळं माझ्या खिडकीतून पाहत होते. दाराला आतून कडी होती. कडी मीच लावली होती.

किसन दुसरी लाथ मारायला आला. बाईंनी लाथ अडवली नाही, ती पोटावर घेतली आणि तोच पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी पकडला. किसनने पाय झटकला. सुटला नाही. त्याने दुसऱ्या पायाने त्यांच्या पाठीवर, डोक्यावर मारलं. बाईंनी डोकं खाली घातलं, घोटा छातीशी दाबला आणि त्या तशाच अंगावर मार घेत राहिल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी सगळं अंग एका बाजूला टाकलं. किसन उलटा होऊन ओट्याच्या दगडी पायरीवर आदळला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला.

किसन विव्हळत पडला. दगड थांबले. बाई उठल्या. एका डोळ्यात रक्त, कानशिलावर केसांची जागा उघडी. त्यांनी गर्दीकडे पाहिलं.

"आजून कोनाला शिवायचंय मला? या की पुढं. म्हणता ना लागट हाय? या!"

कोणी आलं नाही. त्यांनी गादी उचलली आणि ओढत घरात नेली. मग ट्रंक नेली. मग परत येऊन मातीतल्या गोळ्या एकेक करून वेचल्या, पदराने पुसल्या, आणि शेवटची गोळी डब्यात टाकून तिथेच पडल्या.

तेव्हा मी कडी काढली.

चौकीतला हवालदार आला तो ओट्यापासून दहा पावलं लांब उभा राहून कागद लिहायला लागला. बाईंची सही घ्यायला पेन पुढे करायची त्याची हिंमत होईना. मी जीप ठरवून बाईंना नगरला घेऊन गेले. वाटेत त्या बेशुद्धच होत्या. दोन बरगड्या मोडल्या होत्या. कपाळाला टाके पडले. त्यातच आजार उसळला. पाठीवर, मांड्यांवर पुन्हा फोड आले आणि लघवीतली प्रथिनं वाढली. डॉक्टरने दवाखान्यात ठेवून तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं आणि किडनीसाठी वेगळ्या गोळ्या सुरू केल्या. रोज फोडांचं पाणी सुईने काढून वरची कातडी तशीच ठेवायची, म्हणजे आतलं मांस झाकलं जातं, हे मी तेव्हा पाहिलं. बाई चादर दातांत धरून पडायच्या.

दत्ता भिंगारहून रोज यायचे. अबोल माणूस. पहिल्या दिवशी ते नुसते पलंगाच्या पायाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी नर्सकडून मलमपट्टी शिकून घेतली. त्यांची आई भेटायला आली, किसनचं हाड मोडल्याचं सांगायला लागली, तेव्हा ते तिला म्हणाले, "आई, त्याला सांग, दुसरं बी हाड हाय." मग पुन्हा पट्टी गुंडाळायला लागले.

पाचव्या दिवशी आम्ही दोघीच होतो. मी त्यांना सांगितलं. मोबाईलवर शोधल्याचं, स्टाफरूममध्ये बोलल्याचं, आणि कडीचंही.

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "जवळ या."

मी वाकले. त्यांनी सलाईन लावलेल्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. मी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटले. ओठ फुटला. त्यांच्या हातातली सुई निघाली आणि चादरीवर रक्ताचा ओघळ आला.

"आता रडू नका," त्या म्हणाल्या. "जा, सिस्टरला बोलवा. सुई लावायला लागंल."

त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा तो राग जरा जास्तच वाटला. आता वाटतं, त्यांनी हिशोब तिथल्या तिथे मिटवला आणि मला मोकळं केलं. मी मात्र काही मोकळी झाले नाही.

डॉक्टरने शाळेसाठी पत्र तयार केलं होतं. बाईंना कुष्ठरोग नाही, हा आजार संसर्गजन्य नाही, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं आणि परत दिलं.

"हे न्हाई न्यायचं मी."

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे," डॉक्टर म्हणाली.

"मला महारोग न्हाई म्हणून दगड मारू नका, असं सांगू? म्हंजे ज्याला हाय त्याला मारायला मोकळे?" त्या उठून बसल्या. बरगडी दुखली असावी, त्यांनी दात आवळले. "तो असता तरी गोळी खाऊन बरीच झाले असते ना मी?"

"झाल्या असतात तुम्ही. पूर्ण बऱ्या."

"मग? दगडानं कोन बरं होतंय, मॅडम? तसं लिहा. तसं लिहिलं तर नेते."

डॉक्टरने पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. हेडसरांनी ते वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं एवढं मला माहीत आहे. बाईंनी ते टेबलावर ठेवलं, शेजारी राजीनामा ठेवला, आणि बाहेर आल्या. मैदानावर तिसरा तास चालू होता. उन्हातून जाता येईना, म्हणून त्या व्हरांड्यातच थांबल्या आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली. मैदानावरच्या मुली वळल्या, वर्गांच्या खिडक्यांतही मुलींची तोंडं आली. बाई फक्त एवढंच ओरडल्या, "खेळ सोडला तर तंगडी मोडीन एकेकीची!" आणि गेल्या.

दत्तांना भिंगारला क्वार्टर मिळालं. बाई तिकडे राहायला गेल्या. किसनच्या तक्रारीचं आणि बाईंच्या तक्रारीचं गावातल्या चार माणसांनी बसून मिटवलं म्हणे. बाईंनी त्याला संमती दिली नव्हती, पण त्यांना कोणी विचारलंही नाही. दोन वर्षं मी त्यांना भेटले नाही. फोन करायला हात जायचा आणि थांबायचा. कोणाकडून तरी कळलं की त्या तिथल्या एका शाळेत लागल्या. एकदा किडनीच्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं आणि दवाखान्यात होत्या, हेही कळलं.

मागच्या हिवाळ्यात नगरला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. आमच्या मुलींबरोबर मला पाठवलं होतं. नवे खेळाचे सर आजारी होते. आमची गाठ उपांत्य सामन्यात भिंगारच्या शाळेशी पडली. त्यांच्या बाजूला शामियान्याच्या सावलीत, हातमोजे, पूर्ण बाह्या, डोक्याला रुमाल आणि वर टोपी घातलेली एक बाई बसली होती. मी आधी ओळखलंच नाही. चेहरा गोल झाला होता. ओठ निळसर. पण करंगळीला शिट्टीची दोरी होती.

आमच्या मुलींनी त्यांच्या एका मुलीला असं आदळलं की तिचं नाक फुटलं. ती रक्त पुसत बाहेर आली. बाईंनी तिची मान मागे केली, नाकात कापूस कोंबला, तोंडावर पाणी मारलं आणि पाठीत धपका घालून परत आत ढकललं. त्या मुलीने पुढच्या चढाईत आमच्या तिघी बाद केल्या. आम्ही हरलो. आमच्या मुली रडत होत्या. त्यांना रडू नका म्हणायला माझ्याकडे आवाज नव्हता.

मी त्यांच्याकडे जायला निघाले आणि मैदानाच्या मधोमध थांबले. त्यांनी मला पाहिलं होतं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातमोजा घातलेला हात थोडा वर केला आणि खाली घेतला. मग पिशवी उचलली.

गाडी मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला उभी होती आणि भर दुपारचं ऊन होतं. बाई शामियान्याच्या कडेला थबकल्या. तेव्हा त्यांच्या मुलींनी बसायची सतरंजी झटकली, चारी बाजूंनी धरली आणि हात वर करून डोक्यावर ताणली. बाई त्या सतरंजीखाली शिरल्या. तो सगळा घोळका मैदान ओलांडून गाडीकडे चालायला लागला, घामाने आणि मातीने माखलेल्या मुली, त्यांतल्या एकीच्या नाकात लाल झालेला कापूस, आणि मधोमध त्यांच्याबरोबर सरकणारी सावली. अर्ध्या वाटेत एक कोपरा खाली आला. उन्हाची तिरीप आत पडली असावी, कारण बाईंचा आवाज मैदानभर घुमला.

"ए भवाने, उचल की कोपरा! हात मोडलाय का तुझा?"

कोपरा वर गेला, आणि त्या सगळ्या चालत राहिल्या.